बाक आहे, बसायचं नाही

लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये दर मे महिन्यात पाच दिवस मनःशांतीच्या बागा मांडलेल्या असतात. संथ वाहणारं पाणी, भूर्जाची पांढरी खोडं, वळण घेत आत जाणारी पायवाट आणि वाटेच्या टोकाला एक लाकडी बाक. त्या बाकावर कुणीही बसलेलं नसतं. बागेपुढे दोरी असते आणि दोरीला खेटून माणसांच्या चार-पाच रांगा. मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावरून मोबाइल उंच धरतो, फोटो काढतो आणि पुढच्या बागेकडे सरकतो. पाच दिवसांत दीड लाखाच्या आसपास लोक त्या मैदानातून जातात. चिंतनासाठी आखलेल्या बागेत त्यांतल्या जवळपास कुणालाच पाच मिनिटं टेकता येत नाही.

मला हे खटकतं. बसता येत नाही अशी बाग मन शांत करते, असं कुणी म्हणू नये. ते एक चित्र आहे. चित्र देखणं असतं, त्यामागे कष्ट असतात, त्याला पदक मिळालं तर टाळ्या वाजवाव्यात. पण पाटीवर ‘आरोग्य’, ‘विसावा’, ‘मनःस्वास्थ्य’ असे शब्द लिहिले की जबाबदारी वाढते. मग प्रश्न विचारायलाच हवेत: विसावा कुणाला? कधी? आणि शनिवारी संध्याकाळी प्रदर्शन संपल्यावर या बागेचं काय होणार?

चेल्सीचं हे प्रदर्शन 1913 पासून रॉयल हॉस्पिटलच्या आवारात भरतं. नावात हॉस्पिटल असलं तरी ते निवृत्त सैनिकांचं घर आहे. लाल कोट घातलेले म्हातारे शिपाई प्रदर्शनाच्या दिवसांत तिथे फिरताना दिसतात. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी हे प्रदर्शन भरवते. सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी पदकं असतात आणि सर्वोत्कृष्ट बागेला वेगळा मान. बागकामाच्या जगात या पदकाला जे वजन आहे ते दुसऱ्या कशालाच नाही. एकेका मोठ्या बागेवर काही लाख पौंड खर्च होतात. करोनानंतर तिथे मनःस्वास्थ्याच्या बागांचं पीक आलं. लहान बागांचा एक गटच ‘सँक्च्युअरी गार्डन’ या नावाने सुरू झाला. शोकातल्या माणसासाठी बाग, थकलेल्या परिचारिकेसाठी बाग, एकटेपणासाठी बाग. विषय खरे आहेत, दुखणी खरी आहेत. म्हणूनच त्यांच्या नावाने काय उभं राहतं हे नीट तपासायला हवं.

ती झाडं तिथे कशी येतात ते बघा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आयरिस, फॉक्सग्लोव्ह, गुलाब, पॉपी हे सगळं एकाच वेळी ऐन बहरात हवं असतं. निसर्गात ते तसं होत नाही. त्यामुळे रोपवाटिकेत काही रोपं काचघरात ऊब देऊन पुढे आणतात, काही थंडीत ठेवून मागे रोखतात. गरजेपेक्षा कितीतरी जास्त रोपं वाढवतात, कारण किती ऐनवेळी दगा देतील याचा नेम नसतो. मोठी झाडं मुळांच्या गड्ड्यासकट ट्रकवरून येतात आणि क्रेनने उतरवली जातात. हातात वेळ असतो तो जेमतेम तीन आठवड्यांचा. लहान रोपं पुष्कळदा कुंडीतून काढतही नाहीत. कुंडीच जमिनीत पुरतात आणि कडा दिसू नये म्हणून वर पालापाचोळा किंवा खत पसरतात. रोज पहाटे प्रेक्षक येण्याआधी कोमेजलेलं फूल खुडायचं, पिवळं पान काढायचं, पानावरची धूळ पुसायची. शनिवारी दुपारी चार वाजता विक्रीची घंटा झाली की लोक हाताएवढाल्या डेल्फिनियमच्या काड्या कवटाळून भुयारी रेल्वेत चढतात. थोड्याच दिवसांत तिथे पुन्हा मैदान.

अशा बागेत एकाही रोपाने मूळ धरलेलं नसतं. तिथे गळलेलं पान नाही, सुकलेली शेंग नाही, किड्याने कुरतडलेली कड नाही. मन लावून बागेकडे बघणाऱ्याला ज्याचा खरा आधार वाटतो तेच वगळलेलं असतं: कालचं फूल आज पडलं आहे आणि शेजारी कळी आहे, हे बघणं. आजारी माणसाला फुललेली बाग आवडतेच. पण त्याला सोबत करते ती बदलणारी बाग. परीक्षक रचना बघतात, लागवड बघतात, बांधकामातला सफाईदारपणा बघतात, आराखड्यात लिहिलं तेच उभं राहिलं का हे तपासतात. ते आपलं काम चोख करतात. तिथे बसून कुणाचं मन हलकं झालं का, हे मात्र त्यांना पाच दिवसांत तपासताच येणार नाही.

मग हे प्रदर्शन मोडीत काढावं का? मुळीच नाही. कारण याच मैदानातून 2023 साली एक बाग निघाली आणि शेफील्डच्या एका रुग्णालयात जाऊन राहिली. ती गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे.

होरेशियो चॅपल हा इंग्लंडमधला शाळकरी मुलगा. वडील सॉल्झबरीच्या रुग्णालयात मणक्याचे सर्जन. डॉक्टर व्हायचं मनात असल्याने तो सुटीत तिथल्या मणक्याच्या विभागात मदतीला जायचा. त्या विभागात माणसं महिनोन्‌महिने पडून असतात. कुणी मोटारसायकलवरून पडलेलं, कुणी घोड्यावरून, कुणी घरातल्या जिन्यावरून. त्यांना बाहेर जायला चांगली जागाच नव्हती. या मुलाने रुग्णांसाठी एक प्रश्नावली तयार केली आणि बाग असेल तर तुम्हाला तिथे काय हवं, असं विचारलं. पुढे 2011 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, स्वालबार्डच्या मोहिमेवर असताना ध्रुवीय अस्वलाच्या हल्ल्यात तो गेला. आईवडिलांनी ती बाग केली. क्लीव्ह वेस्ट या नामवंत रचनाकाराने आखलेली पहिली ‘होरेशियोज गार्डन’ 2012 साली सॉल्झबरीत उघडली. नंतर त्याच नावाच्या संस्थेने ब्रिटनमधल्या इतर मणका-उपचार केंद्रांत एकेक करत बागा केल्या.

2023 ला ही संस्था चेल्सीत उतरली. रचना शार्लट हॅरिस आणि ह्यूगो बग यांची. बागेला सर्वोत्कृष्टाचा मान मिळाला आणि प्रदर्शनानंतर ती शेफील्डच्या प्रिन्सेस रॉयल मणका-उपचार केंद्रात गेली.

या बागांचं मोठेपण फुलांत नाही, जमिनीत आहे. मणका दुखावलेला माणूस चाकाच्या खुर्चीवरून किंवा पलंगासकट बाहेर येतो. फरशीच्या दोन तुकड्यांमधली सांध आपल्या चपलेला कळतही नाही. त्याच्या चाकाला ती लागते, धक्का पाठीत जातो, आणि कधी कधी पायांचे स्नायू आखडून झटके येतात. दहा पावलांच्या वाटेवर अशा वीस सांधी असतील तर तो माणूस दुसऱ्या दिवशी बाहेर यायला नको म्हणेल. म्हणून वाट सलग, गुळगुळीत, पायरीविना, आणि पलंग वळेल इतकी रुंद. नुसती चाकाची खुर्ची जागच्या जागी फिरवायला दीड मीटर मोकळी जागा लागते. पलंगाला त्याहून जास्त.

आता त्या पलंगावर उताणं पडून बागेकडे बघा. आपण कंबरेच्या उंचीवरून वाफा बघतो. त्याला वाफा दिसतच नाही. त्याला दिसतं आभाळ, फांद्यांची जाळी आणि पानांच्या मागच्या बाजू. त्याच्यासाठी झाड निवडायचं तर पानाची पाठ कशी आहे, वाऱ्यात ते कसं हलतं, त्यातून ऊन कसं झिरपतं, हे बघायला हवं. ज्याचा हात खांद्यापर्यंत उचलत नाही त्याच्यासाठी सुगंधी पान कोपराच्या उंचीवर यायला हवं, म्हणजे ते त्याला आपणहून लागेल. मान आणि पाठ यांच्या वरच्या भागात इजा झालेल्या पुष्कळांना घाम नीट येत नाही, शरीराचं तापमान सांभाळता येत नाही. उन्हात ते तापतात, गारठ्यात कुडकुडतात. म्हणून सावली हवी, आडोसा हवा, आणि बागेतच एक उबदार खोली हवी. बाकाशेजारी चाकाची खुर्ची उभी राहील एवढी जागा मोकळी सोडायला हवी, म्हणजे भेटायला आलेली बायको बाकावर आणि नवरा खुर्चीत, दोघं एका रांगेत बसू शकतील; एकासमोर एक बसून तपासणीला आल्यासारखे नाही.

मनःस्वास्थ्याची बाग आखणं म्हणजे हे. यातलं काहीही दोरीमागून फोटोत दिसत नाही. सांध नसलेली वाट फोटोत दिसत नाही.

प्रदर्शनातली बाग रुग्णालयात जाऊ लागली, या बदलामागे पैशाची एक चांगली अटही आहे. ‘प्रोजेक्ट गिव्हिंग बॅक’ या योजनेने 2022 पासून चेल्सीत समाजसेवी संस्थांच्या बागांना पैसा दिला. पैसा देणारं जोडपं आपलं नाव सांगत नाही. बाग प्रदर्शनापुरती नको, तिचं कायमचं घर ठरलेलं हवं, ही त्यांची अट. एवढ्या एका अटीने रचनाकारांचं डोकं ठिकाणावर आणलं. जी भिंत नंतर उचलून न्यायची ती उचलता येईल अशीच बांधावी लागते. जी झाडं रुग्णालयाच्या आवारात पुढची वीस वर्षं जगायची ती तिथल्या मातीला, तिथल्या वाऱ्याला मानवतील अशीच घ्यावी लागतात. दात्याने नाव लपवावं आणि बागेचा पत्ता जाहीर करावा, हा क्रम मला फार आवडला. आपल्याकडे बाकावरच्या संगमरवरी पाटीवर दात्याच्या सात पिढ्या असतात आणि बाकाला पाठ टेकायला जागा नसते.

2024 चा सर्वोत्कृष्ट मानही अशाच एका बागेला मिळाला. मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारा आजार. त्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी उला मारिया हिने भूर्जवृक्षांचं बन उभं केलं. कल्पना जपानी वनस्नानाची. जपानच्या वनखात्याने 1982 मध्ये लोकांना रानात नेण्यासाठी रूढ केलेली. रानात जायचं, घाई करायची नाही, श्वास घ्यायचा, झाडांमधून चालायचं. उला मारियाने फुलांचा मारा टाळला आणि खोडांना बोलू दिलं, चाकाच्या खुर्चीला सहज जाता येईल अशी वाट केली, हे तिचं शहाणपण. पण गर्दीत उभं राहून कुणाचं वनस्नान होत नाही. तिची बागही प्रदर्शनानंतर दुसरीकडे न्यायची ठरली होती, म्हणून तिच्याबद्दल आदराने लिहावंसं वाटतं.

हिरवाई बघितल्याने खरंच काही होतं का? ‘सायन्स’ नियतकालिकात 1984 साली रॉजर उलरिक यांचा एक छोटा लेख आला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची 1972 ते 1981 या काळातली कागदपत्रं त्यांनी तपासली. 46 रुग्ण, 23 जोड्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास लहान आहे, एकाच रुग्णालयातला आहे, आणि तो बागेचा नाही, खिडकीचा आहे. त्याच्या जोरावर ‘बाग आजार बरे करते’ असं छापणारे लोक खोटं बोलतात. पण ज्यांनी रुग्णालयाची खिडकी डक्टवर उघडली त्यांना या 46 माणसांनी उत्तर दिलेलं आहे.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने 1989 च्या आपल्या ग्रंथात दुसरी बाजू मांडली. सतत लक्ष एकवटून मेंदू दमतो. पानांची सळसळ, पाण्यावरची हालचाल, ढग यांच्याकडे लक्ष आपोआप जातं, ओढून न्यावं लागत नाही, आणि त्या वेळात दमलेलं मन पुन्हा ताजं होतं. याचा बागेसाठी अर्थ सरळ आहे. चिंतनाच्या बागेत ओरडणारी गोष्ट नको. रंग बदलणारं कारंजं नको, खांबावर स्पीकर नको, दर दहा पावलांवर सुविचार तर नकोच नको. भूगोलाचे अभ्यासक जे ॲपलटन यांनी 1975 मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली: माणसाला पाठ झाकलेली आणि समोर मोकळं दिसेल अशी जागा आवडते. आपल्या वाड्यातल्या ओसरीवर बसलेल्या आजीला हे शिकवावं लागलं नव्हतं. आपल्या उद्यानांतली बाकं मात्र वाटेच्या मधोमध, चारी बाजूंनी उघडी, आणि बसणाऱ्याच्या पाठीमागून जॉगिंग करणारे धावत असतात.

आणि सुंदर म्हणून काहीही ठेवून चालत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात कर्करुग्णांसाठी पक्ष्यांची म्हणून धातूची अमूर्त शिल्पं मांडली होती. कलावंताच्या दृष्टीने काम उत्तम. पण कर्करोग झालेली माणसं खिडकीतून त्या टोकदार आकृत्या बघून अस्वस्थ झाली. शेवटी शिल्पं काढावी लागली. भ्यालेल्या माणसाला अमूर्ताचा अर्थ भीतीच्या बाजूनेच लागतो. रुग्णाच्या बागेत कलावंताने आधी रुग्णापाशी बसावं.

मॅगी केझविक जेंक्स ही बाई तर बागांवरच लिहिणारी. चिनी बागांवरचं तिचं पुस्तक 1978 चं. तिचा कर्करोग उलटला आहे हे तिला रुग्णालयात सांगितलं गेलं आणि नंतर तिला खिडकी नसलेल्या बोळात बसावं लागलं. उरलेल्या दिवसांत तिने अशा माणसांसाठी वेगळ्या घराचा आराखडा केला. 1995 मध्ये ती गेली, 1996 मध्ये एडिंबरोत पहिलं ‘मॅगीज’ केंद्र उघडलं. स्वयंपाकघरातलं टेबल, चहा, आणि खिडकीबाहेर बाग. मोठं काही नाही. पण वाईट बातमी ऐकल्यावर माणसाने कुठे बसावं, याचा कुणीतरी विचार केला होता.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडे ‘झेन गार्डन’ आणि ‘मेडिटेशन डेक’ हे शब्द सगळ्यांत जास्त सापडतात ते बिल्डरच्या माहितीपत्रकात. पार्किंगच्या स्लॅबवर दोन-अडीच फूट माती, पांढरे गोटे, कुंडीतला बांबू आणि फायबरचा बुद्ध. बुद्ध बसला पिंपळाखाली. त्या स्लॅबवर पिंपळ लावता येत नाही, कारण त्याची मुळं पार्किंगमध्ये उतरतील. झाड परवडत नाही म्हणून मूर्ती ठेवायची आणि तिला चिंतन म्हणायचं, ही फसवणूक आहे. घर घेणाऱ्यांनी विक्रेत्याला विचारावं: या स्लॅबवर माती किती खोल आहे, आणि दहा वर्षांनी सावली देणारं झाड इथे वाढेल का? उत्तर नाही असेल तर त्या डेकचे पैसे देऊ नयेत.

खरी गरज रुग्णालयाच्या आवारात आहे. जिल्ह्याच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात दुपारी जाऊन बघा. रुग्णापाशी एकालाच थांबू देतात. बाकीचे नातेवाईक आवारात असतात. कडुनिंबाला किंवा वडाला पार असला की त्या पारावर डबे उघडतात, चादरी पसरतात, कुणी फोनवर गावाकडे पैशांची जुळणी करतं, कुणी पोराला मांडीवर झोपवतं. वॉर्डातून नाव पुकारलं की सगळे एकदम उठतात. आत चाललेल्या उपचाराइतकाच ताण या पारावर बसलेला असतो, आणि त्यांच्यासाठी आखलेली जागा म्हणावी तर तो एक पारच. परळला मोठ्या रुग्णालयांबाहेर फुटपाथवर राहणारी कर्करुग्णांची कुटुंबं मुंबईला नवीन नाहीत. पुण्यात तर बरीच सार्वजनिक उद्यानं दुपारी कुलूपबंद असतात. म्हणजे भेटीची वेळ संपून माणूस दोन तास मोकळा असतो नेमका तेव्हाच.

अशा आवारात बाग करायला लंडनहून रचनाकार आणायला नको. पाराला पाठ टेकता येईल असा उतार द्या. पाण्याचा नळ पारापासून हाकेच्या अंतरावर ठेवा आणि त्याखाली कर्दळ लावा, वाहून जाणारं पाणी तिला पुरतं. बकुळ लावा, सावली बारमाही, फूल बारीक, वास सौम्य. पारिजातक लावा, पहाटे सडा पडतो आणि रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळ झाली हे कळतं. वाटेच्या कडेला कोपराच्या उंचीच्या वाफ्यात तुळस, मरवा, गवती चहा. सातवीण मात्र लावू नका, रातराणीही नको. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला उग्र वासाने मळमळतं. ऑक्टोबरात सातविणीचा दर्प निरोग्यालाही नकोसा होतो. पांढऱ्या चकचकीत फरशा टाळा. दुपारच्या उन्हात त्या म्हाताऱ्या डोळ्यांना सहन होत नाहीत. बाकाला हात द्या, म्हणजे आजोबांना त्यावर जोर देऊन उठता येईल. आणि सगळ्यांत आधी माळी नेमा. होरेशियोच्या प्रत्येक बागेला पगारी मुख्य माळी आहे, त्याच्या हाताखाली स्वयंसेवक आहेत. आपल्याकडे उद्घाटनाला मंत्री मिळतो, खुरपं धरायला माणूस मिळत नाही, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बाग जळून जाते.

प्रदर्शनं आपल्याकडेही भरतात आणि लोक मनापासून जातात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ पुष्पप्रदर्शन भरवते. ही संस्था 1830 पासूनची. फुलं, बोन्साय, पुष्परचना, भाज्या, सगळं जोमाने मांडलेलं असतं. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं प्रदर्शन होतं, त्यात फुलांनी मढवलेल्या मोठाल्या प्रतिकृती उभ्या राहतात. मुलं खूश होतात, सेल्फी निघतात. मुलांचा आनंद हिरावून घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण हजारो झेंडू आणि शेवंती तारांत खोचून दोन-तीन दिवस इंजिन किंवा विमान उभं करायचं आणि मग कचऱ्यात टाकायचं, याच्या शेजारी एक गुंठा जागा वेगळ्या कामाला द्यायला काय हरकत आहे?

एम्प्रेस गार्डनचं पूर्वीचं नाव ‘सोल्जर्स गार्डन’. त्याच पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणका जायबंदी झालेले जवान तिथे चाकाच्या खुर्चीवर आयुष्य नव्याने उभं करतात, खेळतात, कामं शिकतात. सैनिकांच्या नावाने सुरू झालेल्या बागेने आपल्या प्रदर्शनातली एक बाग या जवानांकडून आखून घ्यावी, अशी माझी जाहीर विनंती आहे. त्यांना काय हवं ते त्यांनी सांगावं, वास्तुकलेच्या आणि कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ते कागदावर आणावं. दोरी बांधू नये. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या प्रत्येकाला आत जाऊ द्यावं आणि बाहेर आल्यावर कुठे अडलं ते लिहून घ्यावं. प्रदर्शन संपलं की बाग उचलून त्यांना हवी असेल तिथे, नाहीतर ससूनसारख्या सार्वजनिक रुग्णालयाच्या आवारात लावावी, आणि तीन वर्षांच्या माळ्याचा पगार प्रायोजकाकडून आधीच घ्यावा. मुंबई महापालिकेला तर हे आणखी सोपं आहे. प्रदर्शनही तिचं, रुग्णालयंही तिचीच. राणीच्या बागेतून केईएमला झाडं न्यायला टेम्पोला किती वेळ लागतो?

वाचकहो, येत्या जानेवारी-फेब्रुवारीत तुम्ही प्रदर्शनाला जालच. जरूर जा, तिकीट काढा, फुलांचं कौतुक करा. निघताना अभिप्रायाची वही मागून घ्या आणि तिच्यात एक प्रश्न लिहा: ‘प्रदर्शन संपल्यावर ही बाग कुणाच्या दारात जाणार?’ खाली आपलं नाव आणि फोन नंबर लिहा, म्हणजे आयोजकांना उत्तर कळवता येईल.